गोड्या पाण्यातील पाकट आणि घरगुती मत्स्यालय : नायट्रोजनच्या जमाखर्चाची मीमांसा

कोकण किनाऱ्यावरील मासळीबाजारात पाकट हा प्राणी सर्वांच्या परिचयाचा आहे. चकतीसारखे चपटे शरीर, पाठीवर डोळे, पोटाच्या बाजूस तोंड व कल्ल्यांच्या फटी, आणि चाबकासारख्या शेपटीवर असलेला दंतुर विषारी काटा या लक्षणांवरून तो सहज ओळखता येतो. मुशीप्रमाणेच तो उपास्थिमीनांच्या वर्गात मोडतो, आणि हा वर्ग बहुतांशी सागरवासी आहे. तथापि दक्षिण अमेरिकेत या नियमास एक लक्षणीय अपवाद आढळतो. ॲमेझॉन, ओरिनोको, पाराना इत्यादी नद्यांच्या खोऱ्यांत पाकटांचा एक मोठा गट केवळ गोड्या पाण्यात राहतो, तेथेच प्रजनन करतो व समुद्राकडे कधीही परतत नाही. त्यातील प्रमुख प्रजाती पोटॅमोट्रायगॉन ही असून १८७७ साली गार्मन याने तिला हे नाव दिले. आज तीत तीसहून अधिक जाती समाविष्ट केल्या जातात.

यांपैकी काही जाती शोभेचे मासे म्हणून जगभर विकल्या जातात, आणि भारतातील बाजारातही त्या येतात. म्युलर व हेन्ले यांनी १८४१ साली वर्णिलेली मोटोरो ही जाती त्यांत विशेष परिचित आहे. तपकिरी पाठीवर काळ्या कडांचे नारिंगी-पिवळे डोळ्यांसारखे ठिपके हे तिचे वैशिष्ट्य होय. शिंगू नदीतील लिओपोल्डी ही काळी, पांढऱ्या ठिपक्यांची जाती त्याहून महाग समजली जाते. तळहाताएवढे पिल्लू विकत घेणाऱ्यास ते एखाद्या रंगीत माशासारखेच पाळता येईल असे वाटते. प्रत्यक्षात, इतर मासे ज्या टाकीत निर्वेधपणे जगतात त्याच टाकीत पाकट अन्न सोडतो, त्याच्या चकतीच्या कडा वर वळू लागतात आणि थोड्याच दिवसांत तो मरतो. हा प्राणी ‘नाजूक’ आहे असे त्यावर सांगितले जाते. परंतु नाजूक हा शब्द कारण सांगत नाही. तो केवळ परिणामाचे वर्णन करतो. या नाजूकपणाचे मूळ पाकटाच्या शरीरक्रियेच्या इतिहासात आहे, आणि तो इतिहास ध्यानात घेतल्यास पालनाचे बहुतेक नियम त्यातून आपोआप निष्पन्न होतात.

१. युरियाचा त्याग

समुद्राच्या पाण्याचा तर्षण दाब अस्थिमय माशांच्या रक्ताच्या सुमारे तिप्पट असतो. त्यामुळे अशा सागरी माशांच्या शरीरातून पाणी सतत बाहेर जाते, व ते समुद्राचे पाणी पिऊन ही तूट भरून काढतात. उपास्थिमीनांनी याहून भिन्न उपाय योजला आहे. प्रथिनांच्या विघटनातून निर्माण होणारा युरिया ते टाकून देत नाहीत. रक्तात साठवून ठेवतात. दर लिटर रक्तात सुमारे ३५० मिलिमोल इतका युरिया व त्याच्या जोडीला ट्रायमेथिलअमाइन ऑक्साइड असल्यामुळे रक्ताचा तर्षण दाब समुद्राच्या पाण्याइतका किंवा त्याहून किंचित अधिक राहतो. शरीरात शिरणारे जास्तीचे मीठ गुदग्रंथीच्या द्वारे बाहेर टाकले जाते.

असा प्राणी नदीत गेला तर काय होते? मलायातील पेराक नदीत आढळणाऱ्या उपास्थिमीनांवर होमर स्मिथ याने केलेले संशोधन १९३१ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या रक्तातील युरिया सागरी जातींच्या मानाने बराच कमी झालेला असला तरी तो नाहीसा झाला नव्हता. नदीत शिरूनही त्यांनी समुद्राची सवय सोडली नव्हती. दक्षिण अमेरिकेतील पाकटांची गोष्ट मात्र वेगळी निघाली. थॉर्सन व त्याचे सहकारी यांनी १९६७ साली दाखवून दिले की, पोटॅमोट्रायगॉनच्या रक्तात युरिया जवळजवळ नसतोच. या बाबतीत तो गोड्या पाण्यातील सामान्य माशांसारखा आहे. इतकेच नव्हे, तर १९७० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत या प्राण्यांना खारट पाण्यात ठेवूनही त्यांच्या रक्तात युरिया साठला नाही. त्यांची गुदग्रंथीही क्षीण झालेली आढळते. याचा अर्थ असा की, युरिया धारण करण्याची क्षमता येथे केवळ सुप्त झालेली नाही. ती लुप्त झाली आहे. पेरूमध्ये सापडलेल्या इओसीन कालखंडातील जीवाश्मांवरून या गटाचा गोड्या पाण्याशी असलेला संबंध अतिप्राचीन असावा असे दिसते. त्या दृष्टीने ही घटना आश्चर्यकारक नाही.

या स्थित्यंतराचे दोन परिणाम पालनाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरतात. पहिला असा की, आता रक्त बाहेरच्या पाण्यापेक्षा अधिक खारट असल्यामुळे पाणी शरीरात सतत शिरते व क्षार बाहेर झिरपतात. मूत्रपिंडे विपुल व पातळ मूत्र बाहेर टाकतात आणि कल्ल्यांतील पेशी पाण्यातून क्षार ओढून घेतात. कल्ल्यांना इजा झाली तर श्वसनाबरोबर हा क्षारांचा तोलही ढळतो. दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. जो नायट्रोजन पूर्वी युरियाच्या रूपाने शरीरात राहत होता, तो आता मुख्यतः अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांवाटे सरळ पाण्यात जातो. वाहत्या नदीत या अमोनियाची काहीच अडचण नसते. काचेच्या टाकीत मात्र तो तेथेच राहतो. बाहेरच्या पाण्यात अमोनिया वाढला की रक्तातून बाहेर पडणाऱ्या अमोनियाचा प्रवाह मंदावतो, तो शरीरातच साठू लागतो व मज्जासंस्थेवर विषारी परिणाम करतो. पाकट हा मांसाहारी व खादाड प्राणी असल्यामुळे त्याच्या बाबतीत हे संकट इतर माशांपेक्षा लवकर ओढवते.

२. जमेची बाजू : रोजचे अन्न

ही गोष्ट अंकांनी मांडल्यास स्पष्ट होईल. मध्यम वाढीच्या एका पाकटास दररोज ३० ग्रॅम कोळंबीचे मांस दिले असे समजू. त्यात सुमारे २० टक्के, म्हणजे ६ ग्रॅम प्रथिने असतात. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो. तेव्हा रोज सुमारे ०.९६ ग्रॅम नायट्रोजन टाकीत येतो. त्यातील एक चतुर्थांश वाढीसाठी वापरला गेला असे गृहीत धरले तर उरलेला ०.७२ ग्रॅम पाण्यात उतरतो. टाकी १,००० लिटरची असेल तर अमोनियारूप नायट्रोजनाची रोजची भर लिटरमागे ०.७२ मिलिग्रॅम होते. ३०० लिटरच्या टाकीत तीच २.४ मिलिग्रॅम होते.

अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. अमोनियम आयन तुलनेने निरुपद्रवी असून मुक्त अमोनिया विषारी आहे. त्यांचे प्रमाण पाण्याच्या पीएच मूल्यावर अवलंबून असते. २५° से. तापमानास पीएच ७ असता एकूण अमोनियाचा केवळ ०.६ टक्का भाग मुक्त असतो. पीएच ८ असता ५.४ टक्के, तर पीएच ९ असता ३६ टक्के. मुक्त अमोनियाचे प्रमाण लिटरमागे ०.०२ मिलिग्रॅमच्या वर जाऊ न देणे हे नाजूक माशांच्या बाबतीत सुरक्षित मानले जाते.

वीज गेल्यामुळे गाळणयंत्र बारा तास बंद पडले तर १,००० लिटरच्या टाकीत लिटरमागे ०.३६ मिलिग्रॅम नायट्रोजन साठेल. पीएच ८ असल्यास मुक्त अमोनिया जवळजवळ ०.०२ पर्यंत, म्हणजे धोक्याच्या रेषेपर्यंत पोचेल. ३०० लिटरच्या टाकीत तो त्याच अवधीत ०.०६५ होईल, म्हणजे त्या रेषेच्या तिप्पट. दख्खनच्या पठारावरील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी बहुधा जड व अल्कधर्मी असते. तेथील पालकास हे गणित विसरून चालणार नाही.

३. खर्चाची बाजू : जीवाणू आणि पाण्याची अदलाबदल

टाकीतील अमोनिया नाहीसा करण्याचे काम नायट्रीकारक जीवाणू करतात. त्यांचा एक गट अमोनियाचे नायट्राइट बनवितो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. हे जीवाणू गाळणयंत्रातील सच्छिद्र द्रव्यावर वाढतात. त्यांची वाढ मंद असून त्यांना भरपूर प्राणवायू लागतो. नव्या टाकीत त्यांची पुरेशी वसाहत होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. यास्तव पाकट आणण्यापूर्वीच, थोडा अमोनिया घालून किंवा जुन्या टाकीतील गाळणद्रव्य वापरून, ही वसाहत सिद्ध करावी लागते. अमोनिया व नायट्राइट ही दोन्ही मापनात शून्य येईपर्यंत प्राणी आणू नये. पुष्कळ पाकटांचा मृत्यू या एका अटीच्या उल्लंघनातून होतो.

नायट्रेट हे या साखळीचे अंतिम द्रव्य होय. ते अमोनियाच्या मानाने सौम्य असले तरी साठत राहते. ०.७२ ग्रॅम नायट्रोजनापासून सुमारे ३.२ ग्रॅम नायट्रेट बनते, आठवड्याचे २२.३ ग्रॅम. ते घालविण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे पाणी बदलणे. दर आठवड्यास ५०० लिटर पाणी बदलल्यास, काही आठवड्यांनंतर पाणी बदलण्यापूर्वीचे प्रमाण लिटरमागे सुमारे ४५ मिलिग्रॅमवर स्थिर होते. तेच पाणी दोन हप्त्यांत, दर वेळी २५० लिटर, असे बदलले तरी ही कमाल मर्यादा ४५ च राहते. १,००० लिटर बदलल्यास ती २२ वर येते.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. या हिशेबात टाकीचे आकारमान शेवटी उरतच नाही. आठवड्यास तयार होणारे नायट्रेट भागिले बदललेले पाणी, एवढाच तो भागाकार आहे. मोठी टाकी घेतली म्हणजे पाणी कमी बदलले तरी चालते, ही सार्वत्रिक समजूत म्हणूनच भ्रामक ठरते. मोठी टाकी वेळ देते. वीज गेली, गाळणयंत्र बिघडले, एखादा तुकडा न खाता कुजला, तर संकट सावकाश येते. परंतु दीर्घकाळात नायट्रेटची पातळी टाकी ठरवीत नाही. अन्न व पाणी यांचे प्रमाण ती ठरविते. पाकट पाळू इच्छिणाऱ्याने टाकी कोठे मावेल याच्याइतकाच, आठवड्यास ५०० ते १,००० लिटर स्वच्छ पाणी कोठून येईल, हा प्रश्न विचारला पाहिजे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन सोडियम थायोसल्फेटसारख्या द्रव्याने आधी नष्ट करावा लागतो, आणि त्या पाण्यात मुळातच नायट्रेट असेल तर ते वरील आकड्यात मिळवावे लागते.

४. क्षारतेचा पेच

पोटॅमोट्रायगॉनच्या अनेक जाती मृदू व आम्लधर्मी पाण्यात राहतात. रिओ निग्रोचे काळसर पाणी तर विलक्षण आम्ल व क्षारहीन आहे. त्यावरून टाकीतील पाणीही शक्य तितके आम्ल ठेवावे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु नायट्रीकरणाच्या क्रियेत आम्ल निर्माण होते. एक ग्रॅम अमोनियारूप नायट्रोजनाचे नायट्रेट होताना कॅल्शियम कार्बोनेटच्या मापाने सुमारे ७.१ ग्रॅम क्षारता खर्च होते. उपरोक्त टाकीत रोज लिटरमागे ५ मिलिग्रॅम, म्हणजे आठवड्यास ३६ मिलिग्रॅम क्षारता नष्ट होईल. दर आठवड्यास निम्मे पाणी बदलले तरी, स्थिरावस्थेत, पाणी बदलण्यापूर्वीची क्षारता नळाच्या पाण्यापेक्षा ७२ मिलिग्रॅमने कमी असेल. नळाच्या पाण्यातच ती ६० असेल तर हा हिशेब जमत नाही. पीएच कोसळते, आणि ते ६ च्या जवळ गेले की जीवाणूंचे कार्य मंदावते.

या अवस्थेत जो अपघात घडतो तो समजून घेण्यासारखा आहे. समजा, उपेक्षित टाकीत पीएच ५.८ पर्यंत उतरले आहे व एकूण अमोनिया लिटरमागे ४ मिलिग्रॅम साठला आहे. आम्लतेमुळे त्यातील मुक्त भाग अवघा ०.००१४ मिलिग्रॅम असतो. प्राणी जगत असतो. पालकाच्या चूक लक्षात येते व तो सद्हेतूने निम्मे पाणी बदलतो. एकूण अमोनिया २ मिलिग्रॅमवर येतो. पण पीएच ७.५ झाल्यास मुक्त अमोनिया ०.०३५ मिलिग्रॅम होतो. एकूण साठा निम्मा झाला आणि विषाची मात्रा पंचवीसपट झाली. स्वच्छ पाणी घातल्यावर पाकट मेला, ही वरकरणी अनाकलनीय वाटणारी तक्रार अशा प्रकारे रसायनशास्त्राच्या साध्या नियमाने उलगडते. उपेक्षित टाकी थोडथोडे पाणी बदलूनच, आणि दर वेळी अमोनिया मोजून, पूर्वपदावर आणली पाहिजे.

तात्पर्य, प्राण्यास प्रिय असलेले पाणी जीवाणूंना प्रिय नसते, आणि जीवाणूंशिवाय टाकीत प्राणी जगत नाही. यावर तडजोड हाच मार्ग आहे. पीएच ६.८ ते ७.२ च्या दरम्यान व मुख्यतः स्थिर ठेवणे, आणि क्षारता नियमाने मोजणे, हे नदीचे हुबेहूब अनुकरण करण्यापेक्षा श्रेयस्कर ठरते.

५. टाकीची रचना व आहार

पाकट तळाशी राहतो. त्याला उंची नव्हे, क्षेत्रफळ हवे असते. मोटोरो जातीच्या प्रौढाची चकती ५० सेंमी पर्यंत रुंद होऊ शकते, आणि त्याला अडखळल्यावाचून वळता आले पाहिजे. २४० सेंमी लांब, ९० सेंमी रुंद व ५० सेंमी खोल पाणी, म्हणजे सुमारे १,०८० लिटर, हे एका प्राण्यासाठी किमान माप समजावे. रुंदी अधिक मिळाल्यास उत्तम. तळाशी बारीक, गोलसर कणांची वाळू दोन-तीन सेंमी जाडीची असावी. या वाळूत पाकट स्वतःस गाडून घेतो व डोळ्यांमागील श्वासरंध्रांतून पाणी आत घेतो; तोंड खाली असूनही श्वसनात त्यामुळे वाळू शिरत नाही. टोकदार खडीने पोटाची त्वचा सोलवटते. पाणी २५° ते २८° से. राखणाऱ्या तापकाभोवती जाळीदार आवरण हवे. कारण पाकट त्यावर अंग टाकून भाजून घेतो. तांब्याचे क्षार असलेली औषधे इतर माशांना चालली तरी पाकटाच्या टाकीत वापरू नयेत.

डोळे वर व तोंड खाली असल्यामुळे पाकटास आपला घास दिसत नाही. गंध व विद्युत्संवेदी इंद्रिये यांच्या साहाय्याने तो वाळूतील भक्ष्य शोधतो. नव्याने आणलेले पिल्लू बहुधा उपाशी असते. शेपटीच्या बुडाशी श्रोणीची उपास्थी उठून दिसणे हे त्याचे चिन्ह होय. अशा पिल्लास गांडुळे लवकर रुचतात. पुढे कोळंबी व माशांचे तुकडे देता येतात. परंतु काही कच्च्या माशांत थायामिनेज हे वितंचक असून ते ब१ जीवनसत्त्वाचा नाश करते, म्हणून आहारात विविधता ठेवावी. पिल्लांना दिवसातून दोन-तीनदा अन्न लागते. वाढत्या प्राण्याबरोबर अन्न, आणि अन्नाबरोबर वर मांडलेला सर्व जमाखर्च वाढत जातो, हे विसरता कामा नये. वीज दीर्घकाळ गेल्यास अन्न थांबवावे व विद्युत्घटावर चालणाऱ्या पंपाने हवा पुरवावी. पुष्ट प्रौढास एक-दोन दिवसांचा उपवास बाधत नाही.

६. काटा, कायदा व दायित्व

शेपटीवरील काट्याच्या त्वचेत विषपेशी असतात. दंश तीव्र वेदनादायक असून जखमेभोवतीचे ऊतक मृत होऊ शकते. पाकट आक्रमक नाही. पाय पडला किंवा कोंडीत सापडला तरच तो शेपटी उगारतो. म्हणून त्यास जाळीने पकडू नये, कारण काटा जाळीत अडकतो. रुंद भांड्यात पाण्यासह उचलावे. काटा कापून टाकणे निरर्थक आहे, कारण तो पुन्हा उगवतो. दंश झाल्यास सोसवेल इतक्या गरम, परंतु ४५° से. पेक्षा अधिक नसलेल्या पाण्यात जखम बुडवून ठेवल्याने वेदना कमी होतात. मात्र वैद्यकीय उपचार त्वरित घेतलेच पाहिजेत. लहान मुले असलेल्या घरात उघडी टाकी ठेवणे उचित नाही.

ब्राझीलमधील लिओपोल्डी, वॉलेसी इत्यादी सात जातींचा २०२२ साली पनामा येथील परिषदेत संकटग्रस्त जातींच्या व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समावेश झाला. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने या कराराच्या परिशिष्टांतील प्राण्यांसाठी स्वतंत्र अनुसूची आली असून असे जिवंत प्राणी बाळगणाऱ्यास नोंदणी करावी लागते. खरेदीपूर्वी जाती निश्चित करणे हे म्हणून केवळ शास्त्रीय कुतूहलाचे काम राहिलेले नाही. आणि बाजारात संकरित पाकट विपुल असल्यामुळे ते सोपेही नाही.

टाकी अपुरी पडली की प्राणी तलावात सोडून देण्याचा मोह होतो. सिंगापूरमधील एका जलाशयात दक्षिण अमेरिकेतील हे पाकट स्थायिक होऊन प्रजनन करीत असल्याचे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद आहे. तापमानाच्या दृष्टीने आपल्याकडील जलाशय त्याहून फार निराळे नाहीत. पोहणाऱ्यांस व मासेमारांस दंशाचा धोका आणि स्थानिक माशांची हानी, असा त्या सोडून देण्याचा अर्थ होईल.

युरियाचा त्याग करून पाकटाने नदी जिंकली. कारण वाहते पाणी त्याचा अमोनिया घेऊन जात होते. टाकीत वाहत्या पाण्याचे ते काम पालकाकडे येते, आणि ते दहा वर्षांहून अधिक काळ, एकही आठवडा न चुकता करावे लागते. रोजचे अन्न किती, आठवड्याचे पाणी किती, आणि त्या पाण्याची क्षारता किती, या तीन आकड्यांचे उत्तर ज्यास प्राणी आणण्यापूर्वी देता येते त्याने पाकट पाळण्याचा विचार करावा. ज्यास ते देता येत नाही त्याच्या घरी पाकट जगणार नाही, आणि त्या मृत्यूचे कारण प्राण्याच्या नाजूकपणात शोधणे शास्त्रास धरून होणार नाही.